पेटाऱ्याला खांदा

आमच्या गावात हल्ली कोणी मेलं की खांदा द्यायला झुंबड उडते. मेलेलं माणूस कुठल्या वाडीचं, त्याच्या घरच्यांशी आपलं बोलणं आहे की बांधावरून डोकी फुटलेली आहेत, कोणी विचारत नाही. हाक आली की माणसं भरल्या ताटावरून हात धुऊन उठतात. देवबागला दिलेली एक माहेरवाशीण मागे इथे बापाच्या घरी वारली, तर तिरडीखाली इतके खांदे घुसले की तिरडी पुढे सरकेना. परगावचे पाहुणे म्हणतात, काय हो तुमच्या गावची माणुसकी! मी वर्षा-दोन वर्षांनी जाते, तेव्हा हे सगळं डोळ्यांनी पाहते आणि पदर तोंडाला लावते. लोकांना वाटतं, रुक्मिणीला रडू आलं.

ही माणुसकी गावाला माझ्या बहिणीने शिकवली. प्रेमाने नाही शिकवली.

माझी बहीण म्हणजे कुमारी सुगंधा. परळपासून गिरगावापर्यंत ज्यांनी नाटकं पाहिली त्यांना वेगळं सांगायला नको. जाहिरातीत नाटकाच्या नावापेक्षा तिचं नाव मोठं छापायचे. पण मी सांगते आहे ती गोष्ट तिच्या नावाला 'कुमारी' चिकटायच्या आधी सुरू झाली, तोंडवलीच्या पलीकडे, खाडीकाठच्या आमच्या गावात.

आमचे बाबा, लवू दशावतारी. दशावतारात बाईचं काम पुरुषच करतो, आणि बाबा जन्मभर बाईच झाले. दिवसा गुडघाभर चिखलात भात लावायचे आणि जत्रेत तारामती होऊन उभे राहिले की पुढे बसलेल्या बायका हुंदके द्यायच्या. आमची आई म्हणायची, "माज्यापेक्षा तुमकाच लुगडा शोभता." आई लवकर गेली. मग घरात आम्ही दोघी, बाबा आणि बाबांचा पेटारा. वेताचा, झाकणाला शेंदराचं बोट लावलेला. आत लुगडी, गंगावन, बांगड्या, रंगाच्या डब्या. खेळाच्या आधी त्याच्यापुढे दिवा लावायचा, नारळ ठेवायचा, नमस्कार करायचा. एका जत्रेतून दुसऱ्या जत्रेला जाताना बाबा तो स्वतःच्या डोक्यावर घ्यायचे, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. सुगंधाला त्यांनी कधी काही शिकवलं नाही. तीच पेटाऱ्याआड बसून सगळं चोरून शिकली.

आणि गावचा मानकरी होता भाई. त्याला दुसरं नाव असेल, पण ते कोणी घेत नसे. देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्या घराण्याचा. गाऱ्हाणं म्हणजे सगळ्या गावादेखत देवाला मोठ्याने सांगितलेलं मागणं. मानकरी एकेक मागणं मागतो, शेवटी 'रे म्हाराजा' म्हणतो, आणि सगळा गाव एका आवाजात 'व्हय म्हाराजा' म्हणतो. एकदा 'व्हय' म्हटलं की ते मागणं मानकऱ्याचं राहत नाही, गावाचं होतं. ही सवय आमच्या हाडात मुरलेली आहे. आमच्याकडचं माणूस झोपेत 'रे म्हाराजा' ऐकलं तरी 'व्हय म्हाराजा' म्हणून कूस बदलतं. मुंबईत इस्पितळात भुलीतून उठताना मीच एकदा तसं ओरडले होते, नर्स बिचारी घाबरून डॉक्टरला घेऊन आली.

भाईला गाऱ्हाण्याइतकाच नाटकाचा सोस. वैशाखात चाकरमानी गावी आले की देवळापुढे मांडव पडायचा. सगळ्यांत जास्त वर्गणी ज्याची, नायक तो, असा रिवाज. म्हणून दर वर्षी नायक भाई. नायिका कोल्हापूरहून ठरवून आणायची. ती येण्याआधी पार्ट पाठ करायची, एक तालीम करायची, नाटक करायची आणि दुसऱ्या दिवशी आंब्याची पेटी घेऊन परत जायची. गावची बाई मात्र स्टेजवर चढत नसे.

बावन्न सालच्या वैशाखात कोल्हापूरची बाई आलीच नाही. आजारी पडली की जास्त देणारा दुसरा गाव भेटला, देव जाणे. मांडव पडलेला, चार गावांना सांगून झालेलं. भाई आमच्या खळ्यात आला आणि हा माणूस, जो वाटेत आमच्या बाबांच्या नमस्काराला मान हलवायचा नाही, तो हात जोडून उभा राहिला.

"लवू, गावाची लाज राख. तुझ्या चेडवाक उभी कर."

बाबा काही बोलायच्या आत सुगंधा दारातून म्हणाली, "मी करतंय."

तिने काय केलं ते अजून आठवतं. तिसऱ्या अंकात भाई वाक्य विसरला. तोंड उघडून उभा. आतून धोंडू, आमचा प्रॉम्प्टर, इतक्या मोठ्याने वाक्य सांगत होता की ते शेवटच्या रांगेला आधी ऐकू येत होतं, भाईला नव्हे. सुगंधा पुढे झाली आणि म्हणाली, "स्वामी, तुमच्या मनात काय आहे ते मला ठाऊक आहे," आणि भाईची सगळी वाक्यं तिनेच बोलून टाकली, त्यांना उत्तरंही तिनेच दिली. मांडव नुसता दणाणला. तिच्या पदाला पुन्हा पुन्हा वन्समोर पडला. आणि मागून कुणीतरी ओरडलं, "भाई, तुमी घराक जावा, चेडू एकट्यान नाटक करता!"

सगळा गाव पोट धरधरून हसला. त्या हसण्याची किंमत आम्ही मोजली.

पंधरवड्यात गावकी बसली. गावच्या मुलीने देवापुढे तोंड रंगवून नाच केला, देव कोपेल, असं भाईने मांडलं. जो आमच्या खळ्यात हात जोडून उभा होता तोच! बाबांनी नाक घासून माफी मागावी असं ठरलं. बाबा उभे राहिले आणि म्हणाले, "मी पुरुस जल्मभर देवासमोर लुगडा नेसलंय, देव कोपलो नाय. बायलमाणसान लुगडा नेसला तर कोपात?" याला कुणाकडे उत्तर नव्हतं, म्हणून आम्हाला वाळीत टाकलं. विहीर बंद, दुकान बंद, न्हावी बंद, विस्तव बंद. वाळीत टाकायला सरकारने बंदी केली होती म्हणे. तो कायदा मालवणच्या कचेरीपर्यंत आला असेल. पुढे आमच्या गावाला यायला त्याला होडी मिळाली नसावी.

बाबा एकदा देवळात गेले होते. पायरीखाली उभे राहून त्यांनी गाऱ्हाणं घालायला तोंड उघडलं, तर भाईने वरून अडवलं. "लवू, वाळीतल्याचा गाऱ्हाणा देवाक पोचणा नाय. घसो सुकवू नको." मी बाबांच्या मागेच होते. बाबा घरी आले, पेटाऱ्यापुढे बसले आणि त्यानंतर फारसे बोललेच नाहीत.

श्रावणात तापाने गेले. सुगंधा दारोदार फिरली. ज्यांनी तिच्या पदाला वन्समोर दिला होता त्यांनी तिला पाहून दारं लावली. भाई ओसरीवर पान लावत बसला होता. मान वर न करता म्हणाला, "वाळीतल्याच्या मढ्याक जो खांदो दीत तो वाळीत." झालं. सगळ्या गावात एक पुरुष निघाला नाही.

आम्ही कुंपणाचे बांबू तोडले. पुढे ती, मागे मी. बाबा अंगाने काटकुळे होते, पण मेलेलं माणूस जड होतं हे त्या दिवशी कळलं. पाराशी टेकवलं. सत्यवानाच्या दुकानापुढे टेकवलं. विहिरीपाशी टेकवलं. भाईच्या बेड्यापुढे, म्हणजे अंगणाच्या फाटकापुढे, आलो आणि दोरी सुटली, बाबांचा हात बाहेर लोंबू लागला. आम्ही दोघी चिखलात गुडघे टेकून पुन्हा बांधू लागलो. भाई ओसरीच्या खांबाला टेकून बघत होता. त्याची पिंक अंगणात पडल्याचा आवाज मी ऐकला. बाबांचा हात आत घेऊन सुगंधाने गाठ मारली, वर पाहिलं, आणि पुन्हा बांबू खांद्यावर घेतला.

किनाऱ्यावर ओली लाकडं पेटायला फार वेळ लागला. पेटल्यावर सुगंधा म्हणाली, "रुक्मिणी, ह्येंचो खांदो मी घेतल्याशिवाय ऱ्हवाचंय नाय."

मी पण तेच म्हटलं असतं. मला फक्त सुचलं नाही.

पावसाळा संपून आगबोट सुरू झाली तशा आम्ही मालवणहून मुंबईला निघालो. डोक्यावर बाबांचा पेटारा, बाकी काही नाही. पुढचं लोकांना माहीत आहे तेवढंच थोडक्यात सांगते. परळला आनंदीबाई म्हणून एक म्हाताऱ्या नटी होत्या, गळा गेलेल्या पण कान शाबूत. त्यांनी सुगंधाला हाताशी धरलं. सूर चुकला की पंख्याची दांडी पाठीत. आधी ताट घेऊन येणारी मोलकरीण, मग नायिकेची मैत्रीण, मग गिरणी कामगारांच्या नाटकातली नायिका. एकदा एका नाटकात तिने भर कोर्टात दिराला उघडं पाडणाऱ्या विधवेचं काम केलं. तो प्रवेश पाहायला लोक तिसऱ्यांदा, चौथ्यांदा यायचे. वर्तमानपत्रवाले लिहायचे की बाईंच्या डोळ्यांतला अंगार अस्सल आहे. असणारच. त्यांना काय ठाऊक, समोर उभ्या नटाच्या जागी तिला ओसरीवर पान लावणारा भाई दिसायचा.

लग्नही केलं तिने. शंकर म्हणून नट होता, नाटकात तिचा गळा दाबायचा. घरीही तेच करायला लागला, तेव्हा एका सकाळी तिने त्याची वळकटी जिन्यावरून खाली फेकली. संध्याकाळी त्याच्याबरोबर प्रयोग केला, ठरल्याप्रमाणे त्याच्या हातून मेली, पडदा पडल्यावर उठली आणि माझ्याबरोबर घरी आली. लोक नाही नाही ते बोलले. पुढे तिचा आवाज बसला, वर्षभर कोणी दार ठोठावलं नाही, ज्यांनी हार घातले त्यांनीच 'संपली' म्हणून सांगितलं. ती रोज पहाटे पेटाऱ्यापुढे बसून एकेक सूर शोधायची. आवाज परत आला, थोडा खरखरीत, आणि लोकांना तो पहिल्यापेक्षा जास्त आवडला.

पण किती टाळ्या पडल्या तरी आत आल्यावर मला एकच विचारायची, "काय गो, भाई असतो तर तोंड लपवूक जागा मेळली असती तेका?" मी म्हणायचे, "तो जमिनीत गेलो असतो." मग तिला जेवण जायचं.

आणि एक दिवस भाई स्वतः आमच्या गिरगावातल्या खोलीत आला. चौसष्ट साल. केस पांढरे, डोक्यावर नवी टोपी, बरोबर दुकानदार सत्यवान, आणि देवगड हापूसची पेटी. मुंबईत येऊन त्याची भाषाही बदलली होती.

"सुगंधाबाई, गावाला आपला फार अभिमान वाटतो. देवळाचं छप्पर करायचं आहे. आपण एक प्रयोग दिलात तर चार तालुके लोटतील."

माझ्या हातात चहाचा कप होता. तो मी त्याच्या टोपीवर ओतणार होते, खोटं कशाला बोलू. सुगंधा मात्र हसली. प्रेक्षकांकडे बघून हसते तशी.

"माका पैसो नको," ती म्हणाली. "पण स्टेजचा तोंड देवळाकडे होया. आणि देवाचो दरवाजो नाटक संपासर उघडो ऱ्हवाक होयो. आणि नायक तुमी."

साठीला आलेला माणूस, पण 'नायक तुमी' म्हटल्यावर त्याची मान ताठ झाली. तो मानेवर हात फिरवत म्हणाला, माझं वय झालं हो. सत्यवान म्हणाला, छे छे, रंग लावल्यावर कुठे कळतंय.

ते उठले तेव्हा सुगंधाने सहज विचारल्यासारखं विचारलं, "भाई, आमची वाळ काढलात?"

"अहो, ते कधीचं जुनं झालं! आता कोण पाळतं तसलं!" भाई मोठ्याने हसला.

वाळ काढायची तर गावकी बसावी लागते, देवासमोर तसं बोलावं लागतं. ते त्यांनी केलंच नव्हतं. मुंबईची नटी झालेल्या बाईची वाळ आपोआप निघते असं त्यांना वाटलं. सुगंधाने जिन्यापर्यंत जाऊन त्यांना निरोप दिला. मी हापूसची पेटी उचलून गॅलरीतून टाकायला निघाले, तर म्हणाली, "खा गो. आंब्यांचो काय दोष?"

वैशाखात आम्ही गेलो. आमच्या घराचं जोतं तेवढं उरलं होतं आणि त्यावर कुणाचा तरी पेंढा रचलेला. ज्या बायकांनी दारं लावली होती त्या सुगंधाच्या साडीचा पदर बोटांनी चाचपून बघत होत्या. पोरं मागे पळत होती. भाईने सगळ्यांदेखत तिला 'आमच्या गावची मुलगी' म्हटलं. मी नेहमीप्रमाणे तिच्या रंगाच्या डब्या मांडल्या, पेटारा विंगेत ठेवला, त्यापुढे दिवा लावला.

नाटक सरदार-जहागिरदारांचं होतं. भाई तरुण सरदार, डिंकाने चिकटवलेली मिशी आणि जरीचा मंदील. सुगंधाने त्याला रात्रभर सांभाळून घेतलं. विसरला की हळूच शब्द पुरवायची, अडखळला की थांबायची. भाई खूश, गाव खूश. नाटक संपत आलं तेव्हा पूर्वेला उजाडू लागलं होतं. माणसं अर्धी झोपेत, अर्धी जागी, बायकांच्या मांडीवर पोरं. देवळाचा दरवाजा उघडा, आत समई तेवते आहे.

शेवटच्या प्रवेशात नायिका देवाची प्रार्थना करते आणि सरदार तिची क्षमा मागतो. सुगंधा पुढे आली. प्रेक्षकांच्या डोक्यांवरून तिने थेट गाभाऱ्याकडे पाहिलं, पदर कमरेला खोचला, दोन्ही हात जोडले आणि नाटकातलं एकही वाक्य न बोलता, मानकऱ्याच्या चढ्या सुरात म्हणाली,

"बा देवा म्हाराजा! बारा वाड्यांच्या राखणदारा! ह्यो तुजो गाव आज तुज्या पायाकडे जमलो हा, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा मांडव म्हणाला. जागे होते ते म्हणाले, पेंगत होते तेही म्हणाले.

"होडयेक वारो दी, शेताक पाऊस दी, मुंबैक गेलेल्या चाकरमान्याक सुखान परत हाड, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्याच देवळासमोर लवू दशावतारी जल्मभर लुगडा नेसान नाचलो. तुका रिजवल्यान, गावाक रिजवल्यान, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" म्हाताऱ्यांचा आवाज यात जास्त होता. बाबांना पाहिलेले ते.

"तो मेलो तेव्हा तेच्या दोन चेडवांनी तेका उचलल्यानी. गावातलो एकय पुरुस दाराभायर येवक नाय, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आवाज जरा पातळ झाला, पण आला. भाईने मात्र ओळखलं. तो पुढे झाला, तिचा हात धरायला गेला. तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही आणि परळच्या मैदानात शेवटच्या माणसापर्यंत पोचवायची तो आवाज लावला.

"ज्या ज्या पुरुसान त्या दिवशी खांदो देवक नाय, तेच्या मढ्याक खांदो मेळूक देऊ नको, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

म्हणून गेले. तोंडातून निघून गेलं. आणि मग आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं.

एवढ्या मोठ्या मांडवात फक्त धोंडू बोलत होता. त्या म्हाताऱ्याला आतून काही कळलं नव्हतं, तो नाटकातली प्रार्थना सांगतच होता. भाईची मिशी एका बाजूने सुटून ओठावर लोंबत होती. मी विंगेत पेटाऱ्याजवळ उभी होते आणि मला इतका आनंद झाला की त्याच्यापुढच्या दिव्याची वात मी पुढे सारली. 

मग जो गलका उठला! "मी म्हणूक नाय!" "म्हटलंस! माज्या कानात बोंबललंस!" "तुज्या बापाशीन पयलो म्हटल्यान!" एकमेकांच्या गळपट्ट्या धरायची पाळी आली. त्या वर्षी गावात तीन-चार म्हातारे अंथरुणाला खिळलेले होते. त्यांची मुलं मांडवात होती, आणि त्यांचे चेहरे बघवत नव्हते. मी बघितले.

सुगंधा आत येऊन खोबरेल तेलाने रंग पुसत बसली. भाई आला, मागे सत्यवान आणि गावकीतले सगळे. मुंबईची भाषा मांडवातच गळून पडली होती.

"बाय गो, ह्या काय केलंस? मागे घे. जेना घातला तेनाच मागे घेवचा लागता. तुज्या पाया पडतंय."

"आधी माज्या बापाशीक खांदो देवा," ती आरशातून म्हणाली. "मगे बघू."

"तो खंय आसा आता?"

तिने पेटाऱ्याकडे बोट दाखवलं.

कुंपणाचे बांबू तोडून आणायला लावले. तिरडी बांधून तिच्यावर पेटारा ठेवला. पुढे भाई आणि सत्यवान, मागे आणखी दोघे. भाईच्या अंगावर सरदाराचा अंगरखा तसाच, रंग घामाने गळ्यावर उतरलेला. बाकीचे पुरुष भोवती रेटारेटी करत होते, माका दी, माका दी म्हणत. आपला खांदा देवाच्या नजरेतून सुटू नये म्हणून बाप लेकाला ढकलत होता. ही झुंबड तेव्हापासूनची.

सुगंधा पुढे चालत होती. पाराशी आलो. "टेका," ती म्हणाली. टेकला. "उचला." उचलला. सत्यवानाच्या दुकानापुढे, "टेका." सत्यवानाची बायको फळीआड उभी होती, तिने डोळे मिटले. विहिरीपाशी, "टेका." जिथे जिथे आमचे खांदे सोलवटले होते ती एकेक जागा तिला पाठ होती. आपला पार्ट ती कधी विसरली नाही.

भाईच्या बेड्यापुढे ती थांबली. ओसरीवर त्याच्या सुना, नातवंडं उभी होती.

"हंयसर दोरी सुटलेली," ती म्हणाली. "सोडा. परत बांदा. तुमी, भाई."

तो खाली बसला. गुडघे टेकले. जरीच्या मंदिलाखाली त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्याने दोरी सोडली आणि बांधली.

"घट नाय. परत."

त्याने पुन्हा सोडली, पुन्हा बांधली. मी त्याच्या ओसरीच्या खांबाकडे बघत होते. मला तिथे जाऊन टेकून उभं राहावंसं वाटलं, पानसुद्धा खावंसं वाटलं. माझ्याकडे पान नव्हतं.

किनाऱ्यावर, बाबांना जाळलं त्या जागी त्यांनी पेटारा उतरवला. सगळा गाव वाळूत गोळा झाला. भाई हात जोडून म्हणाला, "तू सांगलंस ता सगळा केलंव. आता मागे घे गो बाय."

"कशी घेव?" सुगंधा म्हणाली. "मी वाळीत आसंय."



"आताच काढतंव तुजी वाळ! हंयच!" सत्यवान ओरडला.

"काढून काय उपेग? गाऱ्हाणा घातलंय तेव्हा मी वाळीतच होतंय. वाळीतल्याचा गाऱ्हाणा देवाक पोचणा नाय, असा तुमीच माज्या बापाशीक सांगलात, भाई. माजा पोचाकच नाय, तर मागे काय घेव?" ती त्याच्या अगदी समोर आली. "पण 'व्हय' तुमचा होता. सगळ्या गावाचा. ता पोचला. ता तुमचा तुमी मागे घेवा."

पुढे त्यांनी प्रयत्न केला म्हणे. भाई देवळात उभा राहिला, देवा ते शब्द परत घे म्हणून त्याने गाऱ्हाणं घातलं, 'रे म्हाराजा' म्हणून थांबला, आणि गावातून एकाच्याही तोंडून 'व्हय' फुटलं नाही. काय म्हणायला जाऊ आणि काय होऊन बसेल, याची प्रत्येकाला धास्ती. भाई पायऱ्या उतरून घरी गेला. त्यानंतर त्याने कधी गाऱ्हाणं घातलं नाही. हे मला धोंडूने सांगितलं, आणि मी त्याला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं.

त्या सकाळी मात्र सगळे वाळूतच उभे होते. आम्हाला मालवणला नेणारी होडी खाडीच्या तोंडाशी लागली होती. सुगंधाने वाकून पेटारा तिरडीवरून सोडवला. एका बाजूने तिने धरला, दुसऱ्या बाजूने मी. वाळूत पाय रुतत होते. तेवढ्यात भाई, सत्यवान, आणखी पाच-सहा जण धावत आले आणि पेटाऱ्याला हात घालू लागले.

"सोडा," सुगंधा म्हणाली. "आमका दोगींका सवय आसा."